रुग्णालयाच्या दारातील विलंब: कारणे आणि कर्तव्य



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांची सारी हयात जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात गेली. आणि रात्री-अपरात्री बैलगाडीतून, जीपमधून, पुढे पुढे रिक्षातून आलेल्या रोग्याला हात लावण्यापूर्वी त्याची जात, ऐपत किंवा ओळखपाळख विचारण्याचा शिरस्ता त्यांनी आपल्या अमदानीत कधी पडू दिला नाही, असे त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसे अजून सांगतात. अशा पुरुषाच्या नावाने बोलावयाचे, तर विषयही त्यांच्या कर्मभूमीतलाच असावा, असे मला वाटले. म्हणून सरकारी दप्तरात ज्याला ‘अपघात विभाग’ म्हणतात, आणि रोगी, नातेवाईक, पोलीस व डॉक्टर हे सारेच ज्याला ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात, त्या दालनाविषयी, आणि तेथे आलेल्या माणसाला जे ताटकळावे लागते त्याविषयी मी आज बोलणार आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हा विलंब दारात दिसतो, परंतु तो दारात उत्पन्न होत नाही. तो उत्पन्न होतो वरच्या मजल्यावरील वॉर्डांत आणि तीस-चाळीस कोसांवरच्या तालुक्यात. यास्तव दारातल्या माणसावर, मग तो तेथे उभा असलेला तरुण डॉक्टर असो की दाटीवाटीने आत शिरणारे नातेवाईक असोत, खापर फोडून तो कमी व्हावयाचा नाही. आणि जोवर तो पुरता नाहीसा होत नाही, तोवर कोणी आधी जावयाचे आणि कोणी थांबावयाचे याचा निर्णय गरजेवरून झाला पाहिजे. आवाज, ओळख किंवा पैसा यांवरून होता कामा नये.

आपल्या महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालयांचा इतिहास हा औदार्याचा इतिहास आहे. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ साली उघडले, पुण्याचे ससून १८६७ साली, परळचे के.ई.एम. १९२६ साली, आणि या प्रत्येकाच्या पायात कोणा ना कोणा दानशूर व्यापाऱ्याचे द्रव्य आहे. पुढे नागपूरचे मेडिकल आले, मराठवाड्यातील खेडोपाडी नुसत्या ‘घाटी’ या नावाने ओळखले जाणारे छत्रपती संभाजीनगरचे रुग्णालय आले. या सर्वांनी जनतेला दिलेले वचन एकच, ते म्हणजे दार कोणासही बंद नाही. खासगी रुग्णालय जागा नाही असे सांगून मोकळे होऊ शकते. या रुग्णालयांना तसे म्हणण्याची सोय नाही, आणि म्हणून इतर सर्व दारांवरून परतलेला माणूस अखेरीस येथेच येतो. जे या संस्थांचे भूषण, तेच त्यांच्यावरील ओझे झाले आहे.

आता त्या दालनात क्षणभर उभे राहू. रात्रीचे अकरा वाजले आहेत. मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण स्ट्रेचरवर आहे. कपाळ फुटून सदरा रक्ताने माखला आहे, आणि त्याच्याभोवती पाचसहा मित्र चढ्या आवाजात डॉक्टरांना बोलावीत आहेत. दालनाच्या दुसऱ्या टोकाला बाकावर एक वयस्क शेतकरी बसला आहे. तो ओरडत नाही, काही मागत नाही. डावा तळहात छातीवर ठेवून किंचित पुढे वाकला आहे, कपाळावर घाम आहे, आणि शेजारी त्याची बायको हातातल्या केसपेपरची घडी पुनःपुन्हा उलगडून ‘मामा, आमचा नंबर कधी लागंल?’ असे येणाऱ्या-जाणाऱ्या वॉर्डबॉयला विचारीत आहे. सामान्य माणसाची दृष्टी रक्ताकडे जाते. परंतु जाणत्या परिचारिकेला ठाऊक असते, की कपाळाच्या जखमेवर घडी दाबून धरली तर ती बहुधा अर्धा तास थांबू शकते, आणि त्या बाकावरचा माणूस कदाचित दहा मिनिटेही थांबू शकणार नाही. त्या दोघांत कोण आधी, हे जर रांगेने ठरले, किंवा आवाजाने ठरले, तर त्या दालनात एक माणूस निमूटपणे मरतो, आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नाही.

ही निवड करण्याचे शास्त्र जुने आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य दोमिनिक-जाँ लारे याने रणभूमीवर असा दंडक घातला, की जखमींची शुश्रूषा हुद्द्यावरून न करता जखमेच्या गांभीर्यावरून करावी. सरदार हलका जखमी असेल तर त्याने थांबावे आणि शिपाई मरणोन्मुख असेल तर त्याला आधी उचलावे. डॉक्टर मंडळी जिला ट्रायाज म्हणतात ती ही वर्गवारी. १९९० नंतरच्या दशकात इंग्लंडातील मँचेस्टर येथे तिला पाच रंगांचे सुबक रूप देण्यात आले. लाल रंगाच्या रोग्याला तत्क्षणी पाहावयाचे, नारिंगी रंगाच्या रोग्याला १० मिनिटांत, पिवळ्याला ६० मिनिटांत, हिरव्याला १२० आणि निळ्याला २४० मिनिटांत. जेथे डॉक्टर थोडे आणि साधने तुटपुंजी, अशा देशांसाठी दक्षिण आफ्रिकेतील वैद्यांनी नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान आणि शुद्धी अशा मोजक्या लक्षणांवरून परिचारिकेला करता येईल अशी पद्धत बसविली. दिल्लीच्या एम्सनेही आपली पद्धत तयार केली आहे. या साऱ्यांस लागते ते इतकेच, की चोवीस तास, प्रवेशद्वारापाशी, एक प्रशिक्षित परिचारिका अन्य कोणत्याही कामात न गुंतविता उभी असावी. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी त्या जागी केसपेपर काढण्याची खिडकी असते, आणि खिडकीला नाडी पाहता येत नाही.

तथापि वर्गवारीने न्याय होतो, विलंब हटत नाही. विलंबाचे गणित निराळे आहे, आणि ते रुग्णालयात जन्मलेले नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली, अवचित येणाऱ्या दूरध्वनींना किती तारा पुरतील याचा विचार मांडला, आणि त्यातून रांगांचे एक स्वतंत्र शास्त्र उदयास आले. त्यातील अगदी साधे सूत्र घेऊ. एकच डॉक्टर आहे. रोगी केव्हाही, कसेही येतात. तपासणीला सरासरी १० मिनिटे लागतात, कोणाला कमी, कोणाला अधिक. डॉक्टरांचा निम्मा वेळ कामात जात असेल, तर नव्या रोग्याला सरासरी १० मिनिटे थांबावे लागते. काम वाढून ८० टक्के वेळ व्यापला, तर ४० मिनिटे. ९० टक्के व्यापला, तर ९० मिनिटे. आणि ९५ टक्के व्यापला, तर १९० मिनिटे, म्हणजे तीन तासांहून अधिक. नव्वदाचे पंचाण्णव झाले, एवढ्याने प्रतीक्षा दुपटीहून वाढली. डॉक्टर मंदावला नाही, रोग्याने उशीर केला नाही. केवळ मोकळा वेळ उरला नाही. आपले अंदाजपत्रक तयार करणाऱ्या अंमलदारांनी हे सूत्र आपल्या मेजावर लिहून ठेवावे अशी माझी त्यांना विनंती आहे. कारण मोकळा डॉक्टर आणि रिकामी खाट पाहिली की ती उधळपट्टी आहे असे ज्यांना वाटते, ते नकळत या तीन तासांची तजवीज करीत असतात.

खाटांना हाच नियम लागू आहे. १९९९ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की सरासरी सुमारे ८५ टक्के खाटा भरल्या की तातडीच्या रोग्याला खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो, आणि त्यापुढे तो झपाट्याने वाढतो. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत खाटा भरून दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या अंथराव्या लागतात. मग खाली आलेल्या रोग्याला वर जागा मिळणार कोठून? पाटाच्या शेवटच्या चाऱ्या तुंबल्या की पाणी मुखाशी साचते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तो मुखाशी उभा राहून पाण्यावर रागावत नाही, फावडे घेऊन शेवटच्या चारीकडे जातो. कॅज्युअल्टीतील गर्दी ही तशीच वॉर्डांतील तुंबण्याची खूण आहे. पडसे-खोकल्याचे रोगी उगाच येऊन गर्दी करतात, असे आपण नेहमी ऐकतो. ते येतात हे खरे, पण त्यांना पाच मिनिटांत औषध देऊन वाटेला लावता येते. जागा अडते ती दाखल करावयाचे ठरले आहे आणि वर खाट नाही, अशा रोग्यामुळे. तो स्ट्रेचर अडवून बसतो, ऑक्सिजनची नळी अडवून बसतो, आणि ज्या परिचारिकेने नवा रोगी घ्यावयाचा तिचे दोन्ही हात अडवून बसतो.

या अवस्थेचे एक दृश्य जवळून दाखवितो, कारण आकड्यांनी ते कळणार नाही. श्वास बंद पडू पाहणाऱ्या रोग्याच्या घशात नळी घातलेली असते, परंतु कृत्रिम श्वासाचे यंत्र मोकळे नसते. मग त्या नळीला रबरी फुगा जोडून तो नातेवाइकाच्या हाती देतात. भाऊ दाबतो, त्याचा हात भरून आला की मेव्हणा दाबतो, पहाटे मुलगा दाबतो. कोणी शिकविले नाही, तरी तो दर चारपाच सेकंदांनी एकवार दाबावयाचा हे ते शिकतात. आणि डोळा लागू नये म्हणून एकमेकांशी बोलत राहतात. आपल्या राज्यातील सार्वजनिक रुग्णालयांत हे घडते, आणि घडते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. येथे डॉक्टर आहे, नातेवाईक आहे, नळी आहे, फुगा आहे. नाही ती फक्त वरची खाट आणि तिच्याजवळचे यंत्र.

वरची खाट का रिकामी होत नाही? रोगी बरा झाला, हे सकाळच्या फेरीत वरिष्ठ डॉक्टर सांगतात. पण डिस्चार्जचा कागद दुपारपर्यंत लिहून होत नाही, कारण तो लिहिणारा निवासी डॉक्टर शस्त्रक्रियागृहात असतो. कोणाचा सी.टी. स्कॅन उद्यावर गेलेला असतो, कोणाच्या योजनेच्या मंजुरीचा कागद अडलेला असतो, कोणाला न्यावयास घरचे कोणी आलेले नसते, आणि कोणी बेवारस असल्याने जावयाचे कोठे हाच प्रश्न असतो. यांतील एकही कारण वैद्यकीय नाही. ही सारी दप्तराची, व्यवस्थेची आणि समाजाची कारणे आहेत. आणि त्यांचे मूल्य खाली बाकावर बसलेला माणूस आपल्या तासांनी चुकते करतो.

विलंबाचे दुसरे उगमस्थान तालुक्यात आहे. ग्रामीण रुग्णालयाची इमारत असते, शस्त्रक्रियागृह असते, कधी शल्यवैद्यही असतो. परंतु भूलतज्ज्ञ नसतो, आणि मग अडलेल्या बाईला चिठ्ठी देऊन ‘पुढे न्या’ असे सांगण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तालुक्याने जिल्ह्याकडे पाठवावयाचे, जिल्ह्याने वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावयाचे, आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा केसपेपर, पुन्हा तपासणी, पुन्हा प्रतीक्षा. २०१४ साली आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिने असंख्य प्राण वाचविले आहेत. परंतु रुग्णवाहिका ही वाट आहे, मुक्काम नव्हे. २०२३ साली, सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. आणि दूरदूरच्या गावांहून अत्यवस्थ स्थितीत रोगी येतात, असे तेव्हा रुग्णालयाच्या बाजूने सांगण्यात आले. ही कैफियत पुरेशी होती की नव्हती, या वादात मी शिरत नाही. परंतु रोगी अखेरच्या घटकेला येत असतील, तर आधीच्या घटका कोठे गेल्या, हा प्रश्न त्या कैफियतीतच दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या नांदेडने द्यावयाचे नाही.

कायद्याने या बाबतीत कुचराई केलेली नाही. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून नाकारले, वीस किलोमीटरांवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविले, आणि तो वाटेतच गेला; या वृत्तावरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निःसंदिग्ध निर्णय दिला, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, प्राण वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य; वर्दी, जबाब आणि पंचनामा मागाहून. दुसरा खटला पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेचा. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी मथुरापूर स्थानकात आगगाडीतून पडून एका मजुराच्या मस्तकाला जबर इजा झाली. प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याला पुढे पाठविले; रात्री पावणेबाराला तो कलकत्त्यातील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पोहोचला, तेथे त्याला ताबडतोब दाखल करावे असे लिहून मिळाले, पण खाट मिळाली नाही; आणि मग ती सारी रात्र एका सरकारी रुग्णालयाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरण्यात जाऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खासगी रुग्णालयात ठेवावे लागले, जेथे सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की तातडीचे उपचार वेळेवर न मिळणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि द्रव्याचा अभाव ही सबब राज्याला सांगता येणार नाही. २५ हजार रुपयांच्या भरपाईसोबत न्यायालयाने एक व्यावहारिक सूचना केली. कोणत्या रुग्णालयात खाट मोकळी आहे हे एका ठिकाणी कळावे, आणि रोग्याला थेट तेथेच न्यावे, अशी मध्यवर्ती व्यवस्था असावी. ही सूचना लिहिली गेली तेव्हा भ्रमणध्वनी ही श्रीमंतांची वस्तू होती. आज तो मजुराच्या खिशात आहे. तरीही रात्री एक वाजता रोगी घेऊन निघालेल्या माणसाला खाट कोठे आहे हे दारोदार जाऊनच कळावे, याला सबब उरलेली नाही.

हा प्रश्न केवळ दरिद्री देशांचा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. ब्रिटनने २००० सालच्या आपल्या आरोग्य योजनेत असे ध्येय ठरविले, की तातडीच्या विभागात आलेल्या माणसाचा निकाल चार तासांच्या आत लागावा; काही वर्षे ते बहुतांशी पाळलेही गेले. २०१० साली प्रमाण ९५ टक्के ठरले, आणि जुलै २०१५ नंतर इंग्लंडला ते राष्ट्रीय पातळीवर साधलेले नाही. त्याच देशात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की दाखल करावयाचे रोगी आल्यापासून सहा ते आठ तासांपलीकडे खाटेविना राहिले, तर अशा दर ८२ रोग्यांमागे एक अधिक मृत्यू घडतो. प्रतीक्षा ही केवळ गैरसोय आहे असे मानणाऱ्यांनी हा एक आकडा ध्यानात ठेवावा. मात्र त्या देशाकडून घेण्याजोगी गोष्ट ध्येयाहून अधिक त्याच्या नोंदीत आहे. तेथे विलंब मोजला जातो, महिन्याच्या महिन्याला प्रसिद्ध होतो, आणि तो वाढला की लोकप्रतिनिधींना त्याचा जाब द्यावा लागतो. जे मोजलेच जात नाही, त्याची फिर्याद कोणाकडे करावी?

येथे दारातल्या डॉक्टरांविषयी दोन शब्द बोलणे मी माझे कर्तव्य मानतो. आणीबाणीचे वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून आपल्या देशात २००९ साली मान्य झाली. तरीही सर्वांत कठीण दारावर पुष्कळदा सर्वांत नवखा डॉक्टर उभा असतो, सलग कैक तासांच्या जागरणाने थकलेला, आणि ज्या खाटेवर त्याचा अधिकार नाही तिच्यासाठी शिव्या खाणारा. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्याने २०१० साली कायदा केला. कायदा हवाच, पण हात उगारला जाण्याआधी बहुधा कोणीतरी दोनतीन तास काहीही न कळता उभा राहिलेला असतो. ‘तुमचा रोगी पाहिला आहे, त्याचा जीव तूर्त धोक्यात नाही, याहून अत्यवस्थ तिघे आधी आहेत, तासाभरात पुन्हा पाहू,’ एवढे जर परिचारिकेने वा समाजसेवकाने वेळीच सांगितले, तर क्रोधाचे निम्मे कारण तेथेच संपते. हल्ल्याचे समर्थन मी करीत नाही. आपल्या माणसाला अज्ञानात ठेवण्याचेही करीत नाही.

आता कर्तव्य. प्रवेशद्वारी चोवीस तास वर्गवारी करणारी परिचारिका. साऱ्या खाटांचा एकच ताळेबंद आणि तो सांभाळणारा एक जबाबदार अंमलदार, ज्याला कोणत्याही विभागाच्या खाटेवर रोगी ठेवण्याचा हुकूम देता यावा. डिस्चार्जचे कागद दुपारी बाराच्या आत. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ. आणि एका जिल्ह्यातील सर्व रुग्णालयांची खाटांची माहिती १०८ च्या कक्षात. यांतील पुष्कळ गोष्टींना नवी इमारत लागत नाही. ज्यांना द्रव्य लागते, त्यांसाठी २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के खर्चाचे वचन दिलेले आहे. ते वचन पुरे करून घेणे हे मतदारांचे काम आहे.

परंतु सरकारला उपदेश करून श्रोत्यांनी मोकळे व्हावे, हे मला मान्य नाही. आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी आपल्या माणसासाठी नगरसेवकाला, आमदाराला किंवा ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला आहे. तो फोन लागला की आपला रोगी पुढे सरकतो. पण दालनातील एकूण डॉक्टर आणि एकूण खाटा तेवढ्याच राहतात, म्हणून दुसरा कोणीतरी मागे सरकतो, आणि तो बहुधा असा असतो की ज्याला फोन करावयास कोणी नाही. वशिल्याने आपली प्रतीक्षा संपते, व्यवस्थेची संपत नाही. उलट ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांना ती जाणवेनाशी होते, आणि म्हणून ती टिकून राहते.

यास्तव माझी विनंती अगदी लहान आणि निश्चित आहे. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे, तीत लोकप्रतिनिधी व नागरिक असतात, आणि आपल्यापैकी काहीजण तीवर असतीलही. या समितीसमोर एकच मागणी ठेवा. केसपेपरवर तीन वेळा लिहिल्या जाव्यात. रोगी दारात आला ती वेळ, त्याला डॉक्टरांनी प्रथम पाहिले ती वेळ, आणि दाखल करावयाचा असल्यास त्याला खाट मिळाली ती वेळ. महिनाअखेर या तिन्हींचे सरासरी अंतर आणि सर्वांत दीर्घ अंतर दर्शनी भागातील फलकावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लागावे. याला खर्च नाही, कायद्याची आडकाठी नाही, नवी पदे नकोत. हे आकडे फलकावर आले, की विलंब दारात आहे, वॉर्डात आहे की तालुक्यात, हे आपोआप उघड होईल, आणि दोष ज्याचा त्याच्या पदरात पडेल. आपल्या गावच्या रुग्णालयात हा फलक मागा, आणि तो लागेपर्यंत मागत राहा.